रविवारची सुट्टी आपोआप मिळाली नाही, एका स्टोअरकीपरने त्यासाठी सहा वर्षं पिच्छा पुरवला

मांडवा म्हटलं की निम्म्या लोकांना अग्निपथमधला विजय दीनानाथ चव्हाण आठवतो. उरलेल्या निम्म्यांना वीकेंड आठवतो.

शनिवारी सकाळी गेटवेवरून सुटणाऱ्या बोटी भरून मांडव्याला येतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाल्यामुळे लोक गाडीसकट तासाभरात अलिबाग तालुक्यात उतरतात. रविवारी संध्याकाळी हीच गर्दी उलटी फिरते. जेट्टीवर रांग लागते, पाठीवर सॅक असते आणि सॅकमध्ये बऱ्याचदा लॅपटॉप असतो, कारण सोमवारची मीटिंग डोक्यात रविवारी दुपारीच सुरू झालेली असते.

अलीकडे या रांगेतल्या लोकांचा एक ठरलेला विषय असतो. आठवड्यात काम किती करायचं? ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं आणि सोशल मीडिया पेटला. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या प्रमुखांनी तो आकडा ९० वर नेला आणि रविवारही त्यात ओढला. दुसरीकडे ऑफिसमधली कामं चार दिवसांत उरकता येतील का, याचे प्रयोग जगभर चालू आहेत.

पण ज्या रविवारवर हे सगळं भांडण चाललंय, तो रविवार मुंबईच्या कामगाराला कुणामुळे मिळाला, हे विचारलं तर बरेच जण गडबडतात. काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवर नाव वाचलेलं असतं. नारायण मेघाजी लोखंडे. त्या फॉरवर्डमध्ये अर्धं खरं असतं. उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातलं, फुलमाळी समाजातलं. घरची परिस्थिती बेताची. पोराने मॅट्रिकपर्यंत शिक्षण घेतलं आणि त्या काळात शिकलेला पोरगा जे करायचा तेच केलं, म्हणजे कारकुनी. आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात. १८७० च्या सुमारास ते मुंबईच्या मांडवी कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

(नावातल्या साम्यामुळे घोळ नको. ही मांडवी मुंबईतली, मशीद बंदराजवळची. आपला मांडवा खाडीच्या पलीकडचा.)

आता या नोकरीबदलात काय विशेष? तर इथेच गोम आहे. मुंबईत तेव्हा दोन प्रकारचे आठवडे चालायचे. सरकारी कचेऱ्या, कोर्टं, शाळा, गोऱ्या साहेबांच्या पेढ्या, यांना रविवार बंद असायचा. साहेबाला चर्चला जायचं असायचं, त्यामुळे साहेबाच्या हाताखालचा हिंदू कारकूनही रविवारी घरी असायचा. गिरणीत मात्र रविवार असा वारच नव्हता. म्हणजे शाईने काम करणाऱ्याला सुट्टी होती आणि घामाने काम करणाऱ्याला नव्हती. लोखंडेंनी आयुष्यात या दोन्ही बाजू पाहिल्या. स्टोअरकीपर हा तसा टेबलावरचा माणूस, पण त्याचं टेबल गिरणीच्या आत होतं.

आत काय चाललं होतं? मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढच्या पस्तीस वर्षांत गिरण्यांचा आकडा साठच्या पुढे गेला. विजेचे दिवे अजून आले नव्हते, त्यामुळे कामाचं घड्याळ म्हणजे सूर्य. उजेड झाला की यंत्र सुरू, अंधार पडला की बंद. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून जरा बरं. उन्हाळ्यात हाच दिवस तेरा-चौदा तासांचा व्हायचा. जेवणाची ठरलेली सुट्टी नाही, यंत्र चालू असतानाच आळीपाळीने चार घास खायचे. वर्षभरात मोठ्या सणांचे मोजके दिवस गिरणी बंद राहायची. मध्येमध्ये यंत्रांच्या सफाईसाठी चाकं थांबायची, पण तेव्हा सफाई करायला बोलावलं जायचं कामगारालाच.

रत्नागिरी, सातारा, पुणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, इथून माणसं या गिरण्यांत येत होती. शेतीवर भागत नाही म्हणून खाडी ओलांडून मुंबईला जायचं आणि पेरणीला, सणाला परत यायचं. मालक लोक याच गोष्टीकडे बोट दाखवायचे. हे लोक तर वाटेल तेव्हा गावाला पळतात, मग वेगळी सुट्टी कशाला, असा त्यांचा सवाल असायचा. कामगार गिरणीच्या आवारात विडी ओढत वेळ काढतात, त्यामुळे चौदा तास हे नावालाच चौदा तास आहेत, असंही सांगितलं जायचं.

ओळखीचं वाटतंय ना? आजच्या ऑफिसात विडीच्या जागी चहाचा ब्रेक आणि मोबाईल आलाय, एवढाच फरक. खरं तर या तक्रारीचा अर्थ उलटाही निघतो. माणूस चौदा तास सलग काम करूच शकत नाही, म्हणून तो स्वतःची सुट्टी स्वतः चोरून घेतो. ही चोरलेली सुट्टी उघड आणि ठरलेली करा, एवढंच लोखंडेंचं म्हणणं होतं.

१८८० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि दीनबंधू हे साप्ताहिक हातात घेतलं. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं होतं आणि पैशाअभावी ते अडखळलं होतं. लोखंडेंनी ते मुंबईतून चालवलं. ते जोतीराव फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. शेतकरी आणि कामगार यांची बाजू मांडणारा पेपर ही तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. लोखंडे बंडखोर नव्हते, जपून पावलं टाकणारे होते. फुल्यांचा शेतकऱ्याचा असूड दीनबंधूत छापायला सुरुवात झाली आणि दोन भागांनंतर लोखंडेंनी हात आखडता घेतला. सरकारला आणि भटशाहीला झोंबणारा तो मजकूर त्यांना परवडणारा वाटला नाही. फुले त्यांच्यावर चिडले आणि ती नाराजी त्यांनी लिहूनही ठेवली. पण लोखंडेंचा हाच सावध स्वभाव रविवारच्या लढाईत मात्र कामी आला.

१८८१ मध्ये सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला होता. तो प्रौढ कामगारांबद्दल जवळजवळ गप्प होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या, असं त्याचं स्वरूप. १८८४ मध्ये मुंबई सरकारने या विषयावर कमिशन नेमलं. कमिशनपुढे मालक बोलणार होते, मॅनेजर बोलणार होते, डॉक्टर बोलणार होते. कामगारांच्या वतीने कोण बोलणार?

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये लोखंडेंनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्यांचं निवेदन तयार झालं आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या-अंगठे जमले. मागण्या बघा. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत मजुरी आणि कायमचा अधू झाला तर निर्वाहाची सोय.

आज वाचताना या मागण्या इतक्या साध्या वाटतात की त्यासाठी भांडावं लागलं यावर विश्वास बसत नाही. पगार १५ तारखेपर्यंत द्या ही मागणी करावी लागते, याचा अर्थ तो त्यानंतर मिळत होता. साडेसहा ते सूर्यास्त हा दिवससुद्धा उन्हाळ्यात बारा तासांच्या वर जातो. लोखंडेंनी आठ तास मागितले नव्हते. मिळू शकेल एवढंच मागितलं होतं.

याच सुमारास त्यांनी बॉम्बे मिलहॅण्ड्स असोसिएशन उभी केली. भारतातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतलं जातं. काही अभ्यासक यावर नाक मुरडतात, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. या संघटनेला सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, नियमावली नव्हती. कामगार यायचे, अडचण सांगायचे आणि लोखंडे अर्ज लिहून द्यायचे. संप करायची तिची ताकद नव्हती. तिच्याकडे फक्त सह्या होत्या, सभा होत्या आणि एक पेपर होता.

मग रविवारच का? खंडोबाचा वार म्हणून कामगारांनी रविवार मागितला, ही गोष्ट खूप सांगितली जाते. खंडोबाचा वार रविवार आहेच आणि घाटावरच्या कामगाराला ते पटकन पटणारं कारण होतं. पण व्यवहाराची बाजूही बघायला हवी. रविवारी कचेऱ्या बंद, शाळा बंद, साहेब घरी. सगळं शहर ज्या दिवशी थांबतं त्याच दिवशी गिरणी थांबली तर मालकाचं नुकसान सगळ्यात कमी.

निवेदन दिलं, कमिशनचा अहवाल आला आणि काहीच झालं नाही. पाच-सहा वर्षं अशीच गेली.

यामागे एक राजकारण होतं. हिंदुस्थानातल्या गिरण्यांचे तास कमी करा, यासाठी इंग्लंडमध्ये सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता, तर लँकेशायरच्या गिरणी मालकांचा. त्यांना इथल्या मजुरांचा कळवळा आला नव्हता. मुंबईचा स्वस्त कपडा त्यांच्या धंद्यावर येत होता. त्यामुळे इथल्या राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी, त्यात केसरी आणि मराठासुद्धा आले, फॅक्टरी कायद्याला विरोध केला. हा देशी उद्योग बुडवायचा विलायती डाव आहे असं त्यांचं मत होतं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण लँकेशायरचा हेतू वाईट होता म्हणून परळच्या कामगाराची पाठ दुखायची थांबत नव्हती. देशाच्या प्रगतीसाठी तुम्ही जास्त राबा, हा सल्ला १८८० च्या दशकातही होता आणि तो देणारे तेव्हाही स्वतः यंत्रावर उभे राहत नव्हते. लोखंडेंना देशद्रोही ठरवणं सोपं होतं. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७० च्या दशकापासून कायद्याची बाजू लावून धरली होती, त्यांनाही असाच विरोध सोसावा लागला होता.

लोखंडे सह्या गोळा करत राहिले. अर्ज थेट कलकत्त्याच्या सरकारपर्यंत जाऊ लागले.

२४ एप्रिल १८९० ला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. १८९० साल आहे हे लक्षात घ्या. भल्या घरातल्या बाईने चारचौघांत बोलणं जिथे चर्चेचा विषय व्हायचा, तिथे गिरणीतल्या बायका दहा हजार माणसांसमोर आपल्या सुट्टीबद्दल बोलत होत्या. त्यांची नावं इतिहासाने जपली नाहीत. बाईला रविवारी गिरणीची सुट्टी मिळाली तरी घरचं काम असतंच, पण निदान दोन्ही एकदम करावं लागणार नव्हतं.

सभेने एकच मागणी ठेवली. आठवड्याची सुट्टी. सहा वर्षांपूर्वीच्या यादीतल्या बाकी मागण्या बाजूला ठेवून एकावर जोर द्यायचा, ही या माणसाची हुशारी.

१० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने सभा घेऊन आठवड्याला एक दिवस, रविवारी, गिरण्या बंद ठेवायचं मान्य केलं. कायदा अजून झाला नव्हता, मालकांनी आपणहून ठरवलं. आपणहून म्हणजे, कायदा येणार हे दिसू लागल्यावर. शिवाय सगळ्यांनी मिळून ठरवल्यामुळे एकट्याचं नुकसान होणार नव्हतं. एक गिरणी बंद आणि शेजारची चालू असं असतं तर कुठलाच मालक तयार झाला नसता. कामाचे तास एकेका कंपनीच्या मर्जीवर सोडले की का कमी होत नाहीत, त्याचं उत्तर इथे आहे.

त्याच वर्षी नव्या फॅक्टरी कमिशनने चौकशी सुरू केली आणि मुंबईच्या कामापुरतं लोखंडेंना त्यात स्थानिक सभासद म्हणून घेतलं. १८८४ मध्ये बाहेरून अर्ज देणारा माणूस सहा वर्षांनी टेबलाच्या आतल्या बाजूला बसला. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांवर मात्र मर्यादा आली नाहीच. विजेचे दिवे आल्यावर तर गिरण्या सूर्यास्तानंतरही धडधडू लागल्या. पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडलं. १९२२ मध्ये आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ मध्ये ५४. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते त्या काळात पुढच्या कपातीचं विधेयक आलं आणि १९४६ मध्ये ४८ तासांचा आठवडा कायद्यात बसला.

त्यानंतर आकडा तिथेच थांबलाय. ४८.

आता ते फॉरवर्डमधलं अर्धं खरं. लोखंडेंमुळे सगळ्या भारताला रविवार मिळाला असं त्यात लिहिलेलं असतं. ऑफिसला रविवार आधीपासून होता. लोखंडेंनी ऑफिसची सोय गिरणीपर्यंत आणली. आज शनिवारसाठी भांडणाऱ्या ऑफिसवाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं, कारण ऑफिसात ही सोय नेहमी आधी येते आणि बाकीच्यांपर्यंत पोहोचायला दुसऱ्या कुणाला तरी झिजावं लागतं.

ऑफिसच्या बाजूने बोलायचं तर पुरावा बऱ्यापैकी आहे. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान सुमारे अडीच हजार सरकारी कर्मचाऱ्यांचे तास पगार न कापता कमी केले आणि काम अडलं नाही. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये ६१ कंपन्यांनी सहा महिने कमी तासांचा आठवडा चालवून पाहिला, त्यातल्या ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. या कंपन्या हौशी होत्या, स्वतःहून आल्या होत्या, हे मान्य. पण चहा, मोबाईल आणि विनाकारणच्या मीटिंगमध्ये जाणारा वेळ उघड सुट्टीत बदलता येतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

महाराष्ट्रात मात्र एक गंमत झाली. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याबरोबर रोजचं काम ४५ मिनिटांनी वाढलं. म्हणजे दिवस कमी झाले, तास नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांत रोजच्या नऊ तासांचे दहा आणि कारखान्यांत बारा तासांपर्यंत करायला मान्यता दिली, तेव्हा आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याचं सांगितलं गेलं. बारा तास म्हणजे लोखंडेंच्या १८८४ च्या अर्जातला दिवस.

आणि मांडव्याच्या जेट्टीवरची दुसरी बाजूही आहेच. शनिवार-रविवार मुंबईकर येतो तेव्हा बोटीवरचा खलाशी, अलिबागची सीट भरणारा रिक्षावाला, खानावळीत मासे तळणारी बाई, होमस्टेच्या चादरी बदलणारा पोरगा, या सगळ्यांचे सगळ्यात जास्त कामाचे दिवस तेच असतात. राज्याच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायला परवानगी दिली, पण कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायचं बंधनही ठेवलं. अर्थात स्वतःचीच रिक्षा चालवणाऱ्याला हा कायदा सुट्टी देऊ शकत नाही. मुंबईकराचा आठवडा चार दिवसांचा झाला तर याचे गर्दीचे दिवस तीन होतील. धंद्याच्या दृष्टीने त्याला ते आवडेलच. त्याच्या सुट्टीचा वार कुठला, हा प्रश्न मात्र तसाच राहील.

लोखंडे रविवारवर थांबले नाहीत. विधवांचं केशवपन करायला नकार द्या म्हणून मुंबईतल्या न्हाव्यांना त्यांनी संघटित केलं. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा कामगार वस्त्यांत शांतता राखायचं काम केलं. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. सावध माणसाला सरकार जवळचं मानतं, हे त्यांच्या विरोधकांनी तेव्हाही सुनावलं असेल.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग आला. पहिले रोगी सापडले ते मांडवीत, लोखंडेंनी जिथे स्टोअरकीपरची नोकरी केली त्याच मांडवीत. गिरण्या ओस पडू लागल्या. कामगार मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या होडीने गावाकडे निघाले. लोखंडे मुंबईतच राहिले आणि रोग्यांसाठी हॉस्पिटल उभारायच्या कामाला लागले. तिथेच त्यांना प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले तेव्हा वयाची पन्नाशीही झाली नव्हती. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेही गेल्या.

टपाल खात्यात कारकुनी केलेल्या या माणसाच्या नावाचं तिकीट टपाल खात्याने काढलं ते २००५ मध्ये.